माग, झडती आणि जबाब : चोरीच्या वहिमावरून होणाऱ्या अटकावाचा पूर्वेतिहास

पोलिसांच्या व्यवहारातील मराठी शब्द बहुतांशी जुने आहेत, परंतु ते ज्या व्यवस्थेतून आले ती व्यवस्था लुप्त झालेली आहे. ठाणे, चौकी, हवालदार, फौजदार, मुद्देमाल, पंच, वहीम, माग, झडती या प्रत्येक शब्दामागे अधिकाराची आणि कर्तव्याची एक विशिष्ट कल्पना होती. कायदा इंग्रजीतून आला. तो लोकांना कळला आणि शिपायाने राबविला तो मात्र या जुन्या शब्दांच्या द्वारे. त्यामुळे रस्त्यात वाहन थांबवून त्यातील मालाविषयी विचारणा होते त्या वेळी शिपाई आणि वाहनधारक या दोघांच्याही मनात जुन्या-नव्या कल्पनांची सरमिसळ झालेली असते. शिपायास कोणता अधिकार आहे, नागरिकावर कोणते बंधन आहे, आणि यांतील कोणते कोणापुढे पाळावयाचे, या तीन प्रश्नांची उत्तरे मराठी मुलुखात कशी बदलत गेली हे पाहण्यासाठी एखादे लहान क्षेत्र डोळ्यांसमोर असणे बरे. शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक आणि त्याच्या परिसरातील भीमाकाठ या दृष्टीने सोयीचा आहे.

वढू बुद्रुक हे छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे सर्वपरिचित गाव. प्रस्तुत विषयापुरते महत्त्व आहे ते त्याच्या स्थानाला. गाव भीमेच्या उत्तरेस. नदीपलीकडे हवेली तालुक्यात वढू खुर्द आणि तुळापूर. दक्षिणेस थोड्याच अंतरावर कोरेगाव भीमा येथे पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणारा मोठा रस्ता लागतो. बुद्रुक आणि खुर्द ही फार्सीतून आलेली ‘थोरले’ व ‘धाकटे’ या अर्थाची पदे. नाव एक, परंतु मध्ये नदी, आणि नदी म्हणजे शीव. चोरीच्या जुन्या न्यायात या शिवेला जे महत्त्व होते ते आजच्या वाचकास सहज उमगणारे नाही.

कोरेगावची लढाई १ जानेवारी १८१८ रोजी झाली. त्याच वर्षी पेशव्यांचे राज्य संपले आणि जिंकलेल्या मुलुखाचा कारभार एल्फिन्स्टनच्या हाती आला. १८१९ मध्ये त्याने सादर केलेल्या अहवालात गावच्या बंदोबस्ताचे जे वर्णन आहे ते या विषयाचे एक मुख्य साधन होय. त्याचा मथितार्थ असा. गावच्या शांततेची जबाबदारी पाटलाची. कुलकर्णी आणि चौगुला त्याचे साहाय्यक. प्रत्यक्ष पहारा गावच्या महाराकडे. येणारा-जाणारा कोण, परका कोण, कोणाच्या घरी नवी वस्तू दिसते, हे त्याने जाणावे. चोरी झाली म्हणजे पावलांवरून त्याने माग काढावा. माग दुसऱ्या गावच्या शिवेपर्यंत नेऊन तो तेथील पहारेकऱ्याच्या प्रत्ययास आणून दिला की पहिल्या गावचे दायित्व सरले; पुढचा शोध दुसऱ्या गावाने घ्यावा. ज्या गावी माग शेवटी निःसंशय पोहोचला आणि तेथून पुढे निघाला नाही, त्या गावाने चोरीच्या मालाची भरपाई करावी. आधी पहारेकऱ्याच्या ऐपतीप्रमाणे, आणि उरलेली सर्व गावावर वाटून. ही भरपाई नेहमी पुरती घेतली जात नसे, असेही एल्फिन्स्टन सांगतो. पण काही दंड बहुधा बसेच.

या पद्धतीत चोर कोण हा प्रश्न जवळजवळ दुय्यम आहे. प्रश्न आहे तो माग कोठे थांबला हा. जबाबदारी माणसाला नव्हे, स्थळाला चिकटलेली आहे. वढू बुद्रुकच्या शिवारातून निघालेला माग भीमेच्या पाण्यात शिरला, तर पलीकडच्या काठी तो पुन्हा दाखवून देता येणे हे अलीकडच्या गावाच्या हिताचे होते, आणि तो आपल्या बाजूस उमटलाच नाही असे म्हणणे पलीकडच्या. अशा व्यवस्थेत परक्या वाटसरूस अडवून विचारणे हा कोणा अधिकाऱ्याचा विशेषाधिकार राहत नाही. ती संपूर्ण गावाची गरज बनते. ‘कोण गाव? कोठे निघाला? गाठोड्यात काय?’ हे प्रश्न आज खेड्यात आतिथ्याच्या सुरात विचारले जातात. एके काळी त्यांत भरपाईची भीती होती.

‘माग’ हा शब्द संस्कृत ‘मार्ग’ याचेच प्राकृतातून आलेले रूप. मराठीत दोन्ही शब्द टिकले आणि त्यांनी अर्थ वाटून घेतले. मार्ग म्हणजे चालण्याची वाट, आणि माग म्हणजे चालून गेल्याची खूण. डांबरी रस्ता हा मार्ग खरा, पण त्यावर माग उमटत नाही.

ही पद्धत मराठ्यांनी नव्याने निर्माण केलेली नव्हे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात चोर पकडण्याची जी गमके दिली आहेत त्यांत ‘लोप्त्र’ म्हणजे चोरीचा माल, आणि ‘पद’ म्हणजे पाऊल, ही दोन प्रथम येतात. त्यांच्या जोडीला पूर्वीचा अपराधी आणि ज्याच्या राहण्याचा ठिकाणा शुद्ध नाही असा मनुष्य. गावाबाहेर माग न गेल्यास दोष ग्रामाधिकाऱ्यावर येतो, हाही नियम तेथे आहे. त्याच प्रकरणात जात, नाव इत्यादी लपविणाऱ्यास केवळ शंकेवरून धरावे असे सांगितले आहे, आणि शंकेवरून धरलेल्याने स्वतःस निर्दोष सिद्ध केले नाही तर त्याच्याकडून माल भरून घेऊन त्यास चोराची शिक्षा करावी, असेही. विज्ञानेश्वराची मिताक्षरा दक्षिणेत कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात लिहिली गेली आणि पुढे महाराष्ट्रातील व्यवहारात प्रमाण मानली गेली, हे लक्षात घेता या नियमांना केवळ ग्रंथस्थ म्हणून बाजूस सारता येत नाही. येथे सिद्धीचा भार धरलेल्या माणसावर आहे. पुढील विवेचनात हा मुद्दा पुनःपुन्हा येईल.

माग काढणाऱ्याची स्थिती मात्र चमत्कारिक होती. अधिकार त्याच्या हाती अल्प. बंधन मात्र अहोरात्र. महार वतनदारास पहारा, निरोप, सरकारी कामासाठी धावपळ हे सर्व करणे भाग होते, आणि चोरी सापडली नाही तर पहिला तोटाही त्याचाच. १८७४ च्या वंशपरंपरागत पदांच्या कायद्याने हे बंधन नव्या राज्यातही चालू ठेवले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले त्याचे मर्म हेच होते. प्रत्यक्ष मुक्तता झाली ती कनिष्ठ गावकामगारांची वतने नष्ट करणाऱ्या १९५८ च्या कायद्याने. रामोश्यांची कथा याहून निराळी, पण त्याच जातीची. रखवालीचा हक्क आणि चोरीचा वहीम हे दोन्ही एकाच समाजाच्या माथी आले. उमाजी नाईकास १८३२ मध्ये पुण्यात फाशी देण्यात आली. पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने वहीम हा जन्मानेच चिकटविला. ‘हजेरी’ हा एरवी निरुपद्रवी शब्द अनेक भटक्या कुटुंबांत आजही दचकविणारा आहे, त्याचे कारण गावोगाव द्यावी लागणारी ती हजेरी होय. १९५२ मध्ये तो कायदा गेला. याज्ञवल्क्याच्या यादीतील ‘पूर्वीचा अपराधी’ या गमकाचा इतका विस्तार स्मृतिकारानेही केला नव्हता, असे म्हणण्यास हरकत नाही.

नगरातील व्यवस्था गावापेक्षा भिन्न. पुण्यात कोतवाल होता. येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद, बाजारावर देखरेख, रात्रीच्या तोफेनंतर रस्त्यावर सापडलेल्यांस अटक, ही त्याची कामे. कोतवालीच्या उत्पन्नात दंडाचा भाग असे, म्हणजे वहिमाला किंमत होती. गावात संशयितास कोणी अडविले तर गावास त्याचा भार सोसावा लागे. शहरात मात्र अडविणारा पुढे कोणास जाब देतो हे स्पष्ट नव्हते. या उणिवेचा परिणाम १७९१ च्या ऑगस्टअखेर दिसून आला. श्रावणातील दक्षिणेसाठी आलेल्या तेलंग ब्राह्मणांपैकी काहींना घाशीराम कोतवालाच्या माणसांनी धरून कोंडले. कारण कोतवालाच्या बागेतील फळे-कणसे तोडल्याचा वहीम, अशी परंपरा आहे. तीसहून अधिक माणसे एका कोंदट जागेत रात्रभर राहिली आणि त्यांतील वीसहून अधिक गुदमरून मेली. पुढे जमावाने घाशीरामाचा दगडांनी अंत केला. या घटनेवर नाट्य आणि कथा इतकी झाली की तिच्यातील व्यवहाराचा प्रश्न झाकला गेला. तो असा : क्षुल्लक वस्तूच्या चोरीचा वहीम, त्यावरून अटक, आणि अटकेची खबर वरिष्ठास देण्याचे कोणतेही ठरीव बंधन नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कोणास तरी जाब द्यावयाचा आहे हे ठाऊक असते, तर कुलूप रात्रीच उघडले गेले असते.

येथे ‘झडती’ या शब्दाकडे वळणे आवश्यक आहे. आज या शब्दाचा रूढ अर्थ अंगाची, घराची वा सामानाची तपासणी. पेशवे दप्तरात मात्र झडती हा हिशेबी कागदांचा एक प्रकार आहे. आधी अजमास, मग ताळेबंद, आणि जमाखर्च पुरा झाल्यावर शेवटची झडती. कमाविसदाराने महालाची झडती हुजुरास समजवावयाची. गावाची ती गावझडती. ‘झडणे’ या धातूतील झाडून मोकळे होण्याचा भाव दोन्ही अर्थांत आहे. हिशेबही झाडून मोकळा करावयाचा, आणि खिसाही. पण या दोन अर्थांत कर्ता पालटतो हे ध्यानात घेतले पाहिजे. हिशेबाची झडती अधिकारी देतो आणि सरकार घेते. अंगझडती अधिकारी घेतो आणि रयत देते. पहिल्या अर्थी जो देणेकरी, तोच दुसऱ्या अर्थी घेणेकरी झाला.

इंग्रजी कायद्याने या शब्दाच्या दोन्ही अर्थांना नकळत एकत्र आणले. १८२७ च्या बाराव्या रेग्युलेशनने मुंबई इलाख्यातील गावपोलिस मॅजिस्ट्रेटच्या देखरेखीखाली आले. १८६७ च्या गावपोलिस कायद्याने पोलीस पाटलाचे कर्तव्य लेखनिविष्ट झाले. सर्व हिंदुस्थानासाठी फौजदारी प्रक्रियेची संहिता १८६१ मध्ये आली. गावाची सामुदायिक भरपाई या नव्या चौकटीत मागे पडली. पंजाबात मात्र १८७२ च्या कायद्यात माग काढण्याची पद्धत लिखित रूपाने राहिली, आणि गुजरातेत ‘पगी’ हा पाऊलखुणा ओळखणारा माणूस पोलिसांच्या मदतीस होता. १८७२ च्याच पुराव्याच्या कायद्यात कलम ११४ खाली एक उदाहरण आहे : चोरीनंतर लवकरच चोरीचा माल ज्याच्या कबजात सापडला त्याने त्या कबजाचा खुलासा केला नाही, तर तो चोर आहे किंवा माल चोरीचा जाणून घेणारा आहे, असे अनुमान न्यायालयास करता येईल. ‘करता येईल’, ‘केलेच पाहिजे’ नव्हे. स्मृतीतील ‘लोप्त्र’ येथे पुन्हा भेटते. पण खुलासा मागणारा आता न्यायाधीश आहे. हेच अनुमान २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ११९ खाली आले आहे.

मुंबई राज्याच्या १९५१ च्या पोलीस कायद्याने याच दिशेने एक पाऊल अधिक टाकले. आता तो महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणून ओळखला जातो. त्याच्या कलम १२४ प्रमाणे, चोरीचा असण्यास सबळ कारण आहे असा माल ज्याच्या कबजात आहे, किंवा जो असा माल कोणत्याही रीतीने नेत आहे, विकावयास वा गहाण ठेवावयास काढीत आहे, त्याने त्याचा खुलासा न केल्यास तो शिक्षेस पात्र होतो. ‘कोणत्याही रीतीने नेत आहे’ या शब्दांत डोक्यावरील गाठोडेही येते आणि मोटारीची डिकीही. या कलमातील महत्त्वाचे शब्द मात्र पुढे आहेत. खुलासा व्हावयाचा तो मॅजिस्ट्रेटच्या समाधानास, पोलीस अंमलदाराच्या समाधानास नव्हे. रस्त्यावर उभ्या असलेल्या शिपायाला हा फरक सांगितला जातो की नाही, याविषयी शंका बाळगण्यास जागा आहे. ‘पावती दाखव, नाहीतर चल’ या वाक्यात मॅजिस्ट्रेटचा अधिकार शिपायाने उसना घेतलेला असतो.

आता सध्याची स्थिती. समजा, पुण्याच्या नगर रस्त्यावरील एखाद्या मोठ्या दुकानातून कोणी पैसे न देता वस्तू नेल्या, दुकानदाराने पोलिसांस दूरध्वनी केला, आणि वाहनाचे वर्णन पुढे पोहोचून कोरेगावच्या फाट्यावर, वढूकडे वळण्यापूर्वी, ते वाहन थांबविण्यात आले. पाऊलखुणेची जागा वाहनाच्या क्रमांकाने घेतली आहे, आणि माग काढणाऱ्याची कॅमेऱ्याने. शीव मात्र आडवी येत नाही. विनावॉरंट अटक करण्यास पात्र असलेल्या माणसाचा पाठलाग पोलीस अंमलदारास देशात कोठेही करता येतो, आणि फिर्याद कोणत्याही ठाण्यात, गुन्ह्याचे स्थळ हद्दीत असो वा नसो, नोंदविता येते. दोन वढूंमधील नदीला या बाबतीत आता अर्थ उरलेला नाही.

वाहन थांबले. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३० प्रमाणे गणवेशातील पोलीस अंमलदाराने मागितल्यास चालकाने अनुज्ञप्ती दाखविली पाहिजे. पोलीस अधिनियमाच्या कलम ६८ प्रमाणे अंमलदाराने कर्तव्य बजावताना दिलेल्या वाजवी सूचना मानणे सर्वांवर बंधनकारक आहे. येथवर नागरिकाचे कर्तव्य निर्विवाद होय. डिकी उघडण्याचा प्रश्न आला की विषय बदलतो. फौजदारी प्रक्रियेच्या व्याख्येत ‘स्थळ’ या संज्ञेत घर, तंबू, नौका यांच्याबरोबर वाहनही येते. म्हणजे डिकी हे अनुज्ञप्तीसारखे हातात देऊन मोकळे होण्याचे प्रकरण नाही. ती स्थळाची झडती आहे, आणि तिला तपासी अधिकाऱ्याने आपल्या समजुतीची कारणे लिहून ठेवणे आवश्यक आहे. अंगझडती ही अटकेच्या मागोमाग येते, अटकेच्या आधी नव्हे. आणि स्त्रीची झडती स्त्रीनेच, सभ्यतेची पूर्ण काळजी घेऊन, घ्यावयाची.

२०२३ च्या संहितांनी येथे एक नवाच पेच उत्पन्न केला आहे. त्या १ जुलै २०२४ पासून अमलात आल्या. तोपर्यंत चोरी ही लहान असो की मोठी, दखलपात्र आणि अजामीनपात्र होती. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ प्रमाणे, मालाची किंमत पाच हजार रुपयांहून कमी असेल, अपराधी प्रथमच दोषी ठरत असेल आणि माल वा त्याची किंमत परत झाली असेल, तर शिक्षा समाजसेवेची. आणि अशी चोरी अदखलपात्र व जामीनपात्र मानली आहे. दुकानातून उचललेल्या वस्तू पुष्कळदा याच मर्यादेत बसणाऱ्या. खाजगी माणसास अटक करता येते ती आपल्या समक्ष अजामीनपात्र आणि दखलपात्र अपराध झाला तरच. त्यालाही सहा तासांच्या आत पोलिसांच्या स्वाधीन करण्याची अट आहे. तेव्हा साबणाच्या वड्या नेणाऱ्यास दुकानाच्या पहारेकऱ्याने कोंडून ठेवणे आता पूर्वीइतके निर्धास्त राहिलेले नाही. पण अपराधी प्रथमच दोषी ठरणार की कसे हे रस्त्यावर कोणास कळणार? शिपायाने आधी किमतीच्या चिठ्ठ्यांची बेरीज करावी, असे तर विधिकर्त्याच्या मनात नसावे. नागरी सुरक्षा संहितेच्या कलम ३५ मध्ये, चोरीचा असल्याचा वाजवी संशय येईल असा माल ज्याच्याजवळ सापडला आणि त्या मालाविषयी अपराध केल्याचा वाजवी संशय ज्याच्यावर आहे, त्यास विनावॉरंट अटक करण्याचा अधिकार स्वतंत्रपणे राहिला आहे. शिपायास व्यवहारात आधार आहे तो याचा. अदखलपात्र अपराधाचा आरोप समक्ष झाला आणि संशयिताने नाव व पत्ता सांगण्याचे नाकारले, तर नाव-पत्ता निश्चित करण्यापुरती अटक कलम ३९ प्रमाणे करता येते. नाव लपविणारा हा स्मृतीतही संशयास पात्र होता. अंतर एवढेच की तेथे नाव लपविणे हे चोरीचे लक्षण होते. येथे नाव कळले की सोडावयाचे आहे.

राहता राहिला जबाब. राज्यघटनेच्या अनुच्छेद २० मधील तिसऱ्या खंडाने आरोपीस स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती निषिद्ध केली. १९५४ मध्ये एम. पी. शर्मा यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने झडती ही अशा सक्तीत मोडत नाही असे ठरविले. १९६१ मध्ये, मुंबई राज्यातून गेलेल्या काठी कालू ओघड यांच्या प्रकरणात, अकरा न्यायाधीशांनी हस्ताक्षर वा बोटांचे ठसे देणे म्हणजे साक्ष देणे नव्हे असा निर्णय दिला. १९७८ मध्ये नंदिनी सत्पथी यांच्या प्रकरणात मौनाचे संरक्षण पोलिसांच्या विचारपुशीपर्यंत पोहोचले. या तीन निर्णयांचा एकत्र विचार केला असता झडती आणि जबाब यांची फारकत स्पष्ट होते. कायदेशीर झडतीस हरकत घेता येत नाही. स्वतःस गोवणारा जबाब मात्र देण्याचे बंधन नाही. स्मृतीत शंकेवरून धरलेल्याचे मौन हाच त्याचा अपराध ठरे. आज कलम १२४ खाली त्याच्यावर खुलाशाचा भार आहे खरा. पण तो खुलासा द्यावयाचा ते स्थळ कोरेगावचा फाटा नव्हे.

झडतीच्या वेळी त्या परिसरातील दोन वा अधिक प्रतिष्ठित रहिवासी हजर असावेत, हा नियम १८९८ च्या संहितेतही होता. मराठीत त्यांना ‘पंच’ म्हणतात, आणि हा शब्द गोतसभेच्या व्यवहारातून आलेला आहे. तो पंच निवाडा करी. हा केवळ पाहतो आणि सही करतो. मोठ्या रस्त्यावर भर दुपारी असे दोन रहिवासी कसे मिळतात, आणि तेच दोघे पुनःपुन्हा कसे मिळतात, हे न्यायालयांच्या परिचयाचे आहे. नव्या संहितेने या पंचांच्या जोडीला ध्वनिचित्रमुद्रण आवश्यक केले आहे. ते अंमलदाराच्या भ्रमणध्वनीवर झाले तरी चालते. तपासी अधिकाऱ्याने कलम १८५ खाली जी झडती घेतली तिच्या कारणांच्या नोंदीची प्रत जवळच्या मॅजिस्ट्रेटकडे ताबडतोब, आणि फार तर अठ्ठेचाळीस तासांच्या आत, पाठविली पाहिजे. ज्याच्या स्थळाची झडती झाली त्याने अर्ज केल्यास त्यालाही तिची प्रत मिळते. कमाविसदाराने महालाची झडती हुजुरास समजवावयाची, त्याच अर्थाने ही झडती अंमलदार मॅजिस्ट्रेटला देतो. पोलिसांच्या मराठी कागदांत मात्र ‘झडती घेतली’ एवढेच लिहिले जाते. ‘झडती दिली’ असे कोणी लिहीत नाही.